बडोद्याला कला इतिहास शिकायला जावं का? माझा सविस्तर रिव्ह्यू

बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात, म्हणजे एमएसयूत, फाइन आर्ट्स फॅकल्टीमधून मी कला इतिहास घेऊन एमव्हीए, म्हणजे व्हिज्युअल आर्ट्समधली दोन वर्षांची मास्टर्स डिग्री केलीय. दरवर्षी बीएफएचे रिझल्ट जवळ आले की कुणाची तरी ताई, कुणाचा तरी दादा, कधी कधी तर आईच फोन करते आणि विचारते की कोर्स कसा आहे, करावा का, पुढे काय मिळतं. प्रत्येकाला वेगवेगळं सांगण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून ठेवतेय. लांबलंय बरंच, पण दोन वर्षांचा आणि घरच्यांच्या पैशाचा प्रश्न आहे तर निवांत वाचा.

आधी मार्क देऊन टाकते. ५ पैकी ४.५. अर्धा कापलाय तो नोकरीच्या बाबतीत, आणि ते खाली लिहिलंय.

मी हे कॉलेज सगळ्यांना सांगते त्यामागे कारण एकच आहे. कला इतिहास हा विषय वस्तूसमोर उभं राहून शिकायचा आहे, पुस्तकातल्या फोटोवरून तो अर्धाच कळतो आणि मोबाइलच्या स्क्रीनवरून तर पावपण नाही, त्यामुळे कुठल्या कॉलेजला जायचं हे ठरवताना सिलॅबस बघायच्या आधी हे बघा की तिथून चालत किंवा रिक्षानं जाण्यासारख्या अंतरावर बघायला काय काय आहे. या हिशेबानं बडोद्यासारखं गाव भारतात फार कमी सापडेल.

आपल्याकडची परिस्थिती तुम्हाला माहितीच आहे. शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट देतो, मग चित्रकलेचं बरं चाललंय म्हणून आर्ट कॉलेज, आणि तिथे कला इतिहास हा एक थिअरी पेपर. मी जिथे बीएफए केलं तिथे तर नोट्स डिक्टेट व्हायच्या, अजिंठ्यावर टीप लिहा, गांधार आणि मथुरा शैलीतला फरक सांगा, फरकाचे पाच मुद्दे पाठ, संपलं. वर्गातल्या निम्म्या मुलांनी वेरूळ बघितलेलं नव्हतं आणि कॉलेजनं नेलंही नाही. त्यामुळे या विषयात स्वतंत्र डिग्री असते, तिच्यात लोक पीएचडी करतात, भांडतात, जुन्या तारखा खोडून नव्या मांडतात, हे कानावरच आलेलं नसतं. मुंबईचं जेजे आर्ट स्कूल १८५७ पासूनचं आहे, चित्रकार शिल्पकार केवढे दिले त्यांनी, पण मला कला इतिहास हा मुख्य विषय घेऊन, स्टुडिओच्या शेजारी बसून शिकायचा होता आणि चौकशी केली की जो तो बडोद्याचंच नाव घ्यायचा.

फॅकल्टीबद्दल थोडं सांगते. विद्यापीठ झालं १९४९ मध्ये, हंसाबेन मेहता पहिल्या कुलगुरू, आणि १९५० मध्ये फाइन आर्ट्स सुरू झालं. तेव्हा कल्पनाच अशी होती की चित्र, शिल्प काढणारे आणि त्यांचा इतिहास शिकणारे एकाच आवारात असावेत. पेंटिंगला ना. श्री. बेंद्रे, म्हणजे आपले इंदूरचे बेंद्रे, शिल्पाला शंखो चौधुरी, नंतर के. जी. सुब्रमण्यन. कला इतिहासात रतन परिमू, गुलाममोहम्मद शेख. शेख तर स्वतः एवढे मोठे चित्रकार आणि शिकवायचे कला इतिहास, यावरूनच कळेल की इथे दोन्ही गोष्टींमध्ये भिंत नाहीये. भूपेन खख्खर मुंबईत चार्टर्ड अकाउंटंट होते, ते १९६२ मध्ये बडोद्याला आले ते कलासमीक्षेच्या एम.ए.साठी, पेंटिंगच्या कोर्सला नाही, आणि नंतर त्यांनी जे रंगवलं ते सगळ्या जगानं बघितलं.

हे जुनं वैभव म्हणून सांगत नाहीये हं, रोजच्या अभ्यासात याचा फायदा होतो. सकाळी लेक्चरमध्ये फ्रेस्को कसं करतात ते ऐकायचं, ओल्या चुन्यावर रंग लावला की चुना सुकताना रंग आत धरून ठेवतो वगैरे, आणि डोक्यात शिरलं नाही तर बाहेर पडून म्युरलच्या, म्हणजे भित्तिचित्रं करणाऱ्या मुलांना विचारायचं. ब्राँझ म्हटलं की शिल्पाच्या डिपार्टमेंटला मेण, माती, ओतकाम प्रत्यक्ष चाललेलं बघता येतं. एचिंग आणि लिथोग्राफ या छापचित्रांच्या दोन प्रकारांतला फरक मला पुस्तकातून कधीही कळला नसता, प्रिंटमेकिंगच्या एका मैत्रिणीनं दगडावर ग्रीस, पाणी आणि शाईचा रोलर फिरवून दाखवला तेव्हा एका दुपारीत कळला. वर्षाच्या शेवटी सगळ्या डिपार्टमेंटचा डिस्प्ले लागतो, तेव्हा कला इतिहासाच्या मुलांनी आवर्जून प्रत्येक स्टुडिओत फिरावं, तुमच्याच वयाच्या मुलांच्या कामावर लिहून बघावं, सगळ्यात चांगली प्रॅक्टिस तीच. आणि फाइन आर्ट्सचा फेअर, १९६१ पासूनची परंपरा आहे ती, शिक्षक आणि मुलं मिळून खेळणी, वस्तू बनवून विकतात, सुब्रमण्यनसुद्धा त्यासाठी खेळणी करायचे. तो ज्या वर्षी असेल त्या वर्षी तिथे असाल तर नशीबवान.

शिकवतात कसं? हे नीट सांगते कारण इथेच बऱ्याच जणांचा गैरसमज असतो की नावं, सालं आणि घराणी पाठ करायची. सालं लागतातच, त्याशिवाय मागचं पुढचं कळणार नाही, पण मूळ काम म्हणजे दोन चित्रं शेजारी शेजारी लावायची आणि दोन्हींत काय बदललं ते शब्दांत सांगायचं. ही दोन स्लाइड लावायची पद्धत जुनी आहे, वोल्फलिन नावाच्या स्विस अभ्यासकानं ती चांगलीच रुळवली, आणि अजूनही तिच्याइतकं चांगलं साधन दुसरं नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

एक उदाहरण देते म्हणजे कळेल. एका बाजूला वेरूळच्या कैलास लेण्याच्या दारातली गजलक्ष्मी. आठव्या शतकातलं काम, राष्ट्रकूट राजा पहिल्या कृष्णाच्या काळातलं. कैलासमध्ये शिरताना समोरच आहे, आपल्यातले बहुतेक जण तिच्यापुढून सहलीत धावत गेलेत. लक्ष्मी कमळाच्या तळ्यात बसलीय, तळं म्हणजे अख्खा खालचा भाग पानं आणि कळ्यांनी भरलेला, आणि वर हत्ती तिच्यावर घडे ओततायत. दुसऱ्या बाजूला राजा रविवर्म्याची लक्ष्मी, तीच जी आपल्या प्रत्येकाच्या आजीच्या देवघरात, दुकानाच्या गल्ल्यामागे, कॅलेंडरवर होती. कमळावर उभी, चार हात, दोन हातांत कमळं, खाली पाणी, आणि हत्ती एकच, तोही बाजूला, सोंडेत माळ धरून.

आता बघा, सामान जवळपास तेच आहे. कमळ, पाणी, हत्ती, देवी. पण वेरूळला हत्ती देवीच्या वर दोन्ही अंगांना आहेत कारण तिथे अभिषेक महत्त्वाचा आहे, हत्ती खरा कसा उभा राहील याच्याशी काही देणंघेणं नाही, पूर्ण रचना देवीभोवती तोलून बसवलेली. रविवर्म्याकडे हत्ती खऱ्या तळ्यातल्या खऱ्या हत्तीसारखा मागे उभा आहे, लांब आहे म्हणून लहान दिसतो, पाण्याला खोली आहे, देवीच्या साडीला वजन आहे आणि निऱ्यांमध्ये सावली पडलीय. अभिषेक गेला, माळ आली. म्हणजे बघणारा आता त्या तळ्याच्या काठावर उभा आहे आणि देवी त्याच्याकडे बघतेय. हा बदल का झाला असेल? तैलरंग, युरोपियन पर्स्पेक्टिव्ह, फोटोग्राफी, नाटकं, आणि मग छापखाना, कारण रविवर्म्यानं १८९४ मध्ये मुंबईत घाटकोपरला प्रेस काढला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि तिथून ही चित्रं घराघरात पोचली. ज्या घरांमध्ये मूर्ती परवडत नव्हती किंवा ज्यांना देवळात आत जाऊ देत नव्हते त्यांच्याही भिंतीवर देवी आली. एवढा सगळा समाज एका हत्तीच्या जागेवरून उलगडत जातो. हे एकदा डोळ्यांनी केलं ना की मग प्रत्येक चित्रासमोर तुमचं डोकं तसं चालायला लागतं.

पॅनॉफ्स्की नावाच्या कला इतिहासकारानं चित्र वाचायच्या तीन पायऱ्या सांगितल्यात, त्या पण अशाच शिकवतात, आधी नुसतं दिसतं काय ते सांगा, मग ते कोण आहे आणि कुठली कथा आहे ते ओळखा, मग हे असं का आणि याच काळात का केलं ते शोधा. आपण भारतीय लोक थेट दुसऱ्या पायरीवर उडी मारतो, देव ओळखला की झालं. पहिल्या पायरीवर थांबवून ठेवणं हे या कोर्सचं सगळ्यात मोठं देणं आहे असं मी म्हणेन. सुरुवातीला त्रास होतो, एकाच मूर्तीवर पान पान लिहायचं आणि तेही तिचं नाव न घेता!

आता गाव. रविवर्म्याच्या पौराणिक चित्रांची मोठी ऑर्डर सयाजीरावांनीच दिलेली, ती चित्रं लक्ष्मी विलास पॅलेसच्या आवारातल्या फतेहसिंह म्युझियममध्ये आहेत. छापील लक्ष्मी वर्गात आणि तैलरंगातलं मूळ काम काही किलोमीटरवर, अजून काय पाहिजे. तैलचित्राजवळ गेल्यावर दागिन्यावरचा उजेड म्हणजे नुसता जाड पिवळसर रंगाचा एक फटकारा आहे हे दिसतं आणि दोन पावलं मागे आलं की पुन्हा सोनं होतं. प्रिंटमध्ये हे दिसत नाही.

सयाजीबागेतलं बडोदा म्युझियम, तिथले लोक बागेला कमाटीबागच म्हणतात, इमारत १८९४ ची. बहुतेक लोक देवमाशाचा सांगाडा आणि इजिप्तची ममी बघायला जातात आणि परत येतात. तुम्ही अकोट्याचे ब्राँझ बघा. अकोटा हा आता बडोद्याचाच भाग आहे, तिथे १९५१ च्या सुमारास जैन ब्राँझ मूर्तींचा मोठा साठा सापडला, साधारण पाचव्या ते अकराव्या बाराव्या शतकापर्यंतचा, आणि उमाकांत शहांनी त्याचा अभ्यास केला. त्यात जीवंतस्वामीची मूर्ती आहे, सहाव्या शतकातली. मी पहिल्यांदा बघितली तेव्हा काही कळेना, कारण उभं राहायची पद्धत जैन तीर्थंकराची, कायोत्सर्ग, म्हणजे हात खाली सोडून ताठ उभं, पण डोक्यावर मुकुट, गळ्यात हार, दंडात वाकी, नेसलेलं धोतर. तीर्थंकर आणि दागिने? तर हा महावीर आहे पण दीक्षा घ्यायच्या आधीचा, राजपुत्र असताना घरात राहूनच ध्यान करणारा. त्यांच्या हयातीतच चंदनाची मूर्ती घडवली होती अशी कथा आहे, म्हणून नाव जीवंतस्वामी. आणि खाली पीठावर लेख आहे की ही मूर्ती नागीश्वरी नावाच्या चंद्रकुलातल्या श्राविकेनं, म्हणजे जैन गृहस्थ बाईनं दान दिली. दीड हजार वर्षांपूर्वी एका बाईनं पैसे घालून मूर्ती करवून घेतली आणि तिचं नाव आपण आज वाचतोय, मला याचं अजूनही भारी वाटतं. कला इतिहास म्हणजे कलाकारांचीच नावं असं वाटत असेल तर जुन्या काळात कितीतरी वेळा नाव मिळतं ते पैसे देणाऱ्याचं, घडवणाऱ्याचं नाही, हे इथे समोर दिसतं. चामरधारिणीची मूर्तीपण याच साठ्यातली, ती चुकवू नका.

कीर्ती मंदिर. गायकवाड घराण्याच्या पूर्वजांचं स्मारक, आणि आत मधल्या दालनाच्या चारही भिंतींवर नंदलाल बोस यांची म्युरल्स. १९३९ ते १९४६ एवढ्या वर्षांत, टप्प्याटप्प्यानं येऊन केलेली. गंगावतरण, मीरेचं आयुष्य, बुद्धाच्या पूजेसाठी नाचणारी नटी, आणि अभिमन्यूचा वध. शांतिनिकेतनचा माणूस मराठी राजाच्या गुजरातेतल्या स्मारकात अजिंठ्याच्या आठवणी घेऊन रंगवतोय. आणि सालं बघा, मधे दुसरं महायुद्ध आहे, बंगालचा दुष्काळ आहे, छोडो भारत आहे, आणि शेवटची भिंत कुरुक्षेत्राची. मी तिथे जायचे तेव्हा फक्त रेषा बघायला जायचे. गर्दीच्या भागातसुद्धा प्रत्येक माणसाची बाह्यरेषा सुटी वाचता येते, एकाचा हात कुठे संपतो आणि दुसऱ्याचा खांदा कुठे सुरू होतो यात गोंधळ होत नाही. दालन कधी उघडं असतं याची आधी चौकशी करून जा, नाहीतर बाहेरूनच शिखरं बघून परत यावं लागेल.

आणि मराठी माणसानं तर तांबेकर वाडा बघितल्याशिवाय बडोदं सोडूच नये. रावपुऱ्याच्या भागात गल्लीत आहे, रिक्षावाल्याला दोन वेळा सांगावं लागतं. भाऊ तांबेकर बडोद्याचे दिवाण होते, त्यांचा हा लाकडी वाडा, आता पुरातत्त्व खात्याकडे आहे. बाहेरून आपल्या पुण्यातल्या सदाशिव पेठेत असावा असा, आणि वरच्या मजल्यावर गेलात की भिंती, दारं सगळं एकोणिसाव्या शतकातल्या चित्रांनी भरलेलं. कृष्णलीला आहे, रामायण महाभारत आहे, मराठे आणि इंग्रजांच्या लढाईचं दृश्य आहे, आणि मधेच झग्यातल्या युरोपियन बायका. पेशवाई गेल्यानंतरच्या त्या वर्षांत मराठी सरदाराला आपल्या घरात काय काय रंगवून हवं होतं ते एका खोलीत दिसतं. वाई आणि मेणवलीची भित्तिचित्रं बघितली असतील तर हे त्यांच्या शेजारी ठेवून बघा, डिझर्टेशनचा विषय सापडेल. मी माझ्या एका सेमिनारसाठी इथे बसून नोंदी केल्या होत्या आणि तो माझ्या दोन वर्षांतला सगळ्यात आवडता पेपर आहे. काही भाग पुसट झालाय, ओल आलीय, ज्याला यावर काम करायचंय त्यानं लवकर करावं.

स्टडी टूर हा अभ्यासाचा भाग आहे, त्याला पिकनिक समजून येऊ नका. मी अजिंठा लहानपणापासून तीन चार वेळा तरी बघितलं असेल पण अभ्यास करून गेल्यावर दुसरंच काहीतरी बघतोय असं वाटलं. दहा नंबरच्या लेण्यात १८१९ मध्ये जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्यानं खांबावर आपलं नाव कोरलंय, ते आज डोक्याच्या खूप वर आहे, कारण तेव्हा लेण्यात माती आणि दगड साचून जमीनच वर आलेली होती. ज्या खांबावर त्यानं नाव खरडलं त्यावर जुनं चित्र होतं. आणि तारखांवरचं भांडण! आधी सगळे धरून चालायचे की महायान काळातली लेणी शेदोनशे वर्षं होत राहिली, मग वॉल्टर स्पिंक या अमेरिकन अभ्यासकानं आयुष्य घालवून मांडलं की वाकाटक राजा हरिषेणाच्या आगेमागे, पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, जेमतेम वीसेक वर्षांत हे सगळं घाईनं झालं आणि अर्धवट राहिलं. त्यांनी अर्धवट राहिलेली कामं, दाराच्या बिजागरीच्या खोबणी, प्लास्टर कुठे लागलंय कुठे नाही, यावरून हे मांडलं. सगळ्यांना ते पटलेलं नाही, पण एका खोबणीवरून राज्याची पडझड वाचता येते हे कळायला तिथे उभंच राहावं लागतं. त्याच टूरमध्ये जेजेत शिकवणारे इंग्रज चित्रकार ग्रिफिथ्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांबद्दल बोलणं झालं, १८७२ पासून तेरा वर्षं त्यांनी अजिंठ्यात बसून नकला केल्या आणि त्यातल्या बऱ्याच लंडनला आगीत जळाल्या. त्याआधी रॉबर्ट गिल या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यानं केलेल्यापण १८६६ च्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेलेल्या. एका पिढीचं काम दोनदा जळालं, आणि ज्या मराठी, पारशी मुलांनी ते केलं त्यांच्याबद्दल आपल्याकडे कुणाला काहीही माहिती नाही. तुमच्यापैकी कुणीतरी यावर मराठीत लिहा, प्लीज.

भाषेचं सांगते, कारण मराठी मीडियमच्या मुलांचा पहिला प्रश्न तोच असतो. वाचन सगळं इंग्रजीत आणि भरपूर. आठवड्याला जाडजूड रीडिंग असतात, थिअरीचं इंग्रजी अवघड असतं, एक पॅराग्राफ तीनदा वाचावा लागतो. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतली आहे. पहिलं सेमिस्टर जड जातं, मग सवय होते. माझी पद्धत अशी होती की रीडिंग झालं की त्याचा मतलब वहीत मराठीत लिहायचा, पाचसहा ओळीत, मराठीत सांगता आलं म्हणजे समजलं, नाही आलं तर परत वाच. आणि एक गोष्ट आपल्या बाजूनं आहे, ग्रंथांतले शब्द, म्हणजे मुद्रा, आसन, आयुध, त्रिभंग, रस, भाव, मंडप, गर्भगृह, हे आपल्याला पाठ करावे लागत नाहीत, कीर्तन, प्रवचन आणि आजीच्या गोष्टींतून ते आधीच आत आलेले असतात. लायब्ररीत बसायची सवय मात्र लावून घ्या, फॅकल्टीची लायब्ररी आणि जुन्या फोटो, स्लाइडचा संग्रह यावर दोन वर्षं नीट बसलात तर बाहेर कुठेही हे परत मिळणार नाही, जुने प्रदर्शनांचे कॅटलॉग बाहेर विकत घ्यायला गेलात तर खिसा रिकामा होतो.

राहणं खाणं पटकन सांगते. गाव राहायला चांगलं आहे, मुलींना रात्री फिरायला भीती वाटत नाही. दांडिया बाजार, रावपुरा भागात मराठी कानावर पडतं, गणपती दणक्यात बसतात, २०१८ चं साहित्य संमेलन इथेच झालं होतं, त्यामुळे परक्या राज्यात आल्यासारखं वाटत नाही. सकाळी सेव उसळ खा. मुंबईहून भरपूर गाड्या आहेत. एप्रिल मेचं ऊन मात्र भयंकर, आणि नेमक्या तेव्हाच सबमिशन. पीजी घेताना डिपॉझिटची पावती लेखी घ्या, माझ्या पहिल्या घरमालकांनी भिंतीला खिळे मारले म्हणून डिपॉझिटमधले निम्मे पैसे कापले होते, आणि ते खिळे माझ्या आधीपासूनच होते.

आता तो अर्धा मार्क. नोकरी. खोटं सांगणार नाही, डिग्री घेतली आणि लगेच पगार सुरू असं इथे होत नाही. कामं आहेत, म्युझियम, गॅलरी, ऑक्शन हाऊसचं कॅटलॉगिंग आणि रिसर्च, आर्काइव्ह, आर्ट कॉलेजात शिकवणं, त्यासाठी यूजीसी नेट व्हिज्युअल आर्टमधून देता येते आणि कला इतिहास हा तिथे पर्याय म्हणून असतो. पण जागा कमी, कंत्राटी जास्त, आणि सरकारी म्युझियममधल्या पोस्ट वर्षानुवर्षं भरल्या जात नाहीत. मुंबईतल्या एका गॅलरीत मी इंटरव्ह्यूला गेले तर त्यांना मास्टर्स झालेली, इंग्रजी फाडफाड बोलणारी, लिहू शकणारी मुलगी हवी होती, आणि पहिले सहा महिने बिनपगारी, अनुभव मिळतो म्हणून. मुंबईत घरभाडं भरून सहा महिने फुकट काम कोण करू शकतं? ज्यांचे आईवडील मुंबईतच राहतात आणि खर्च उचलू शकतात तेच. मग या क्षेत्रात कोण टिकतं आणि कुणाच्या गावाच्या, कुणाच्या जातीच्या कलेचा इतिहास लिहिला जातो, हे आपोआप ठरतं. मला याचा खरंच राग येतो. वारली चित्रं, चित्रकथी, पैठणची पोथीचित्रं, गावोगावचे वीरगळ, यावर काम करायला त्या त्या भागातली मुलं पाहिजेत, आणि त्यांना पहिल्या सहा महिन्यांत पगार पाहिजे. तेव्हा येताना घरच्यांशी मोकळं बोलून या, एक वर्षभराची तरी सोय डोक्यात ठेवा, आणि शिकतानाच लिहायला लागा, कॅटलॉगच्या नोंदी, अनुवाद, प्रूफ, मिळेल ते. माझं पहिलं पैसे देणारं काम असंच मिळालं.

कुणी येऊ नये? ज्याला फक्त पेंटिंग करायचंय आणि प्रवेश मिळाला नाही म्हणून हा पर्याय घेतोय, त्यानं येऊ नये, इथे लिहायचं असतं, रोज. ज्याला वाचनाचा कंटाळा आहे त्यानंपण नको. ज्याला दोन वर्षं पूर्णवेळ देता येणार नाहीत त्यानं मुंबईत भाऊ दाजी लाड म्युझियमचा किंवा ज्ञानप्रवाहचा डिप्लोमा बघावा, नोकरी सांभाळून सुरुवात करायला बरे आहेत. दिल्लीला जेएनयूत आर्ट्स अँड एस्थेटिक्स आहे, थिअरीकडे ओढा असेल तर ते बघा. शांतिनिकेतन आहे. बंगळुरूला चित्रकला परिषद आहे. पण स्टुडिओ, म्युझियम, वाडा आणि राजवाडा हे सगळं एका सायकलच्या टप्प्यात हवं असेल तर बडोदं.

फॉर्म भरायच्या आधी एक करा. प्रवेशाची पद्धत, तारखा, फी हे बदलत असतं, ते युनिव्हर्सिटीच्या साइटवरच बघा, कुणाच्या जुन्या माहितीवर जाऊ नका, माझ्यापण नाही. आणि थंडीत एक शनिवार रविवार काढून बडोद्याला जाऊन या. शनिवारी म्युझियम आणि फॅकल्टीचं आवार, कॅन्टीनमध्ये बसून सध्याच्या मुलांशी बोला, ती मनापासून सांगतात. रविवारी कीर्ती मंदिर आणि तांबेकर वाडा, उघडं आहे का ते आधी विचारून. जाताना एक वही घ्या, जीवंतस्वामीसमोर अर्धा तास उभं राहून फक्त जे दिसतंय ते लिहा, नाव नाही, कथा नाही. अर्ध्या तासात कंटाळा आला तर दुसरा कोर्स बघा, आणि वेळ कमी पडला तर फॉर्म भरा.